पाय काढ, गौतमे

ऐक रे फक्त, मधी बोलू नको. न्हावऱ्याची गौतमी, बबनराव ड्रायव्हरची पोरगी. तिचं हाय हे.

डिसेंबरातला रविवार, सकाळचे सात. गौतमी स्टेरिंगवर, शेजारी बबनराव, मागच्या सीटवर आई, जाईबाई. तिघं राहू गावाला निघालेले, मावशीकडं. गौतमीची लायसनची टेस्ट तीन दिवसांवर आलेली. शिक्रापूरच्या एका कंपनीला कामगार बायकांच्या गाडीवर बाईच ड्रायव्हर पाहिजे होती, त्यामुळं घरात सगळ्यांचा जीव त्या टेस्टमधी अडकलेला. म्हणून बबनराव म्हणाले, आज आख्खा रस्ता तूच चालव.

बबनरावांनी तीस वर्षं एसटी चालवली. गाडीला कवा ओरखडा न्हाई. रिटायर झाल्यावर जुनी कार घेतली, शेजारच्या सीटपुढं दुसरा ब्रेक बसवून घेतला आन् निम्म्या गावाला ड्रायव्हिंग शिकवलं.

जाईबाईचं मागून चालूच. "तीस वर्षं गाडी हाकली ह्या माणसानं, पण मला कवा पुढं बसवलं न्हाई."

"पुढची शीट मास्तरची असती," बबनराव म्हणाले.

"व्हय, आन् मागची मास्तरणीची. मास्तरणीला पगार किती?"

गौतमीला हसू आवरंना. बबनराव म्हणाले, हसायचं घरी जाऊन, आत्ता रस्त्याकडं बघ.

रस्ता होताच तसला. कारखाने सुरू झालेले. उसाच्या ट्रॅक्टरांनी रानातला चिखल डांबरावर आणून टाकलेला आन् त्याच्यावर रातभर दव पडलेलं. लांबून बघितलं तर साधा काळा रस्ता, पण वरनं साबण फिरवल्यागत. बबनराव हळू आवाजात सांगत होते. गाडी सुटली तर ब्रेक मारायचा न्हाई. चाकं जाम झाली की स्टेरिंग ऐकत न्हाई. पाय उचलायचा, शेपूट पळंल तिकडंच स्टेरिंग जरासं द्यायचं, आन् बघायचं जायचंय तिकडं. एसटीत असताना त्यांनी असली सुटलेली गाडी दोनदा सावरली होती, चाळीस-चाळीस माणसं आत असताना. गौतमीला हे सगळं पाठ. जेवताना, झोपताना, लहानपणापासून हेच ऐकलेलं.

ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडच्या वळणावर गाडी सुटली.

मागचा भाग उजवीकडं पळाला. गौतमीनं स्टेरिंग उजवीकडं दिलं. बबनराव ओरडले, "पाय काढ, गौतमे, पाय काढ." पण गाडी वळायला तयारच न्हाई. ढकलून दिल्यागत सरळ घसरत गेली आन् डाव्या अंगाचं तोंड मोरीच्या कठड्यावर बसलं.

पुढच्या दोघांनी पट्टा लावलेला. जाईबाईनं न्हाई. दोन सीटच्या मधून ती पार काचेपर्यंत आली. दवाखाना यायच्या आधीच गेली.

मागून हौसराव दुधाचा टेम्पो घेऊन येत होता. पोलिसांनी विचारलं तवा त्यानं बघितलं ते सांगितलं. गाडीचा मागचा लाल लाईट पेटला आन् धडकेपर्यंत विझला न्हाई. म्हंजी ब्रेक दाबून धरलेला.

गौतमी म्हणाली, मी न्हाई दाबला, माझा पाय खाली मॅटवर होता. पोलिसांना म्हणाली, चुलत्यांना म्हणाली, मातीला आलेल्या बायकांना म्हणाली. बबनराव तिला एक शब्द वाकडा बोलले न्हाईत. आलेल्या माणसांना एवढंच सांगायचे, "मी ओरडत होतो की, पाय काढ म्हणून." पोरीकडं बघायचे न्हाईत. तिच्या हातचा चहा तसाच गार व्हायचा.

सखूबाई मावशीनं तिला जवळ घेतलं. म्हणाली, बाई, भीतीनं पाय आपसूक जातो, माणसाला कळत सुदीक न्हाई.

गौतमी आठवायला लागली. मॅटवर होता, का पेडलवर? जितकं आठवावं तितकं पुसट व्हायला लागलं. पाचव्या दिवशी ती बापापुढं जाऊन बसली.

"आबा, माझाच पाय गेला. माझ्यामुळं गेली आई."

बबनराव तिच्याकडं बघत राहिले. पाच दिवसांत पहिल्यांदा. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कबूल केलंस, बास झालं. आता परत हा विषय न्हाई." त्या दिवशी त्यांनी तिच्या हातची भाकरी खाल्ली. दोघं पोटभर रडले. गौतमीला वाटलं, आई गेली पण बाप तरी राहिला.

राहता राहिला त्यांचा पाय. उजवा घोटा पहिल्या दिवसापासून सुजलेला. मुका मार हाय म्हणत हळद लावून बसलेले. रविवारी आईच्या पुण्यानुमोदनाला माणसं यायची आन् ह्यांना पाय टेकवत न्हाई, म्हणून गौतमीनंच हट्ट धरला आन् रिक्षानं शिरूरला नेलं. एक्स-रे झाला. बबनराव बाहेर बाकड्यावर बसले, डॉक्टरनं हिला आत बोलावलं.

डॉक्टर नवीन पोरगा. ॲक्सिडेंट झाला एवढंच त्याला माहीत. त्यानं फोटो उजेडावर धरला.

"घोट्यातलं हाड मोडलंय," तो म्हणाला. "धडकेच्या वेळी ब्रेक जीव खाऊन दाबून धरलेला असला की हे असं मोडतं. गाडी तुमचे वडीलच चालवत होते ना?"

गौतमीला शेजारच्या सीटपुढचा तो दुसरा ब्रेक आठवला. बाहेरून बबनरावांनी हाक मारली. "काय म्हणत्यात गं डॉक्टर?"

आता तू सांग. तू काय सांगितलं असतंस?