न केलेलं कौतुक

पाहुण्यानं तोंड उघडलं.

"घोडा चावतो," तुर्गुनबाय घाईघाईनं म्हणाला. "शिवाय आळशी. एका डोळ्यानं कमी दिसतं."

"मला मीठ हवं होतं, काका," पाहुणा म्हणाला.

अबलख घोडा तंबूबाहेर शेपटीनं माशा वारत होता. सोनकुल तळ्याकाठच्या कुरणांत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, आणि भीती तीच होती. पाहुण्यानं यजमानाच्या वस्तूची तारीफ केली की वस्तू पाहुण्याची. तुर्गुनबायच्या आजोबांची बंदूक अशीच गेली, वडिलांची टोपी अशीच गेली. एरवी पाहुण्यांना डोंगर फिरवायला नेताना तो अबलख काढतच नसे. पण त्याचा नेहमीचा घोडा लंगडत होता.

पाहुणा नुरझान, अल्माटीचा कझाक, पाच दिवस डोंगरात घोड्यावर हिंडायला आलेला. रीत त्यालाही ठाऊक. सामान मोजकं: दोन शर्ट, दुर्बीण आणि घोड्याच्या तोंडावर चढवायची एक कोरीकरकरीत म्होरकी. सुटीला येताना म्होरकी कोण आणतं? शहरी माणूस, म्हणून तुर्गुनबायनं सोडून दिलं.

शिवाय त्याला दुसरी काळजी होती. पलीकडच्या खोऱ्यातल्या झाकीपचा काळा घोडा, कपाळावर चंद्रकोर असलेला, गेल्याच पंधरवड्यात लांडग्यानं खाल्ला होता. "हाडंसुद्धा उरली नाहीत," झाकीप जमिनीकडे बघत सांगायचा. दुःखानं मान वर होत नव्हती बिचाऱ्याची.

दुसऱ्या दिवशी नदी फुगलेली. अबलखनं नुरझानच्या घोडीला दोरानं ओढत पलीकडे नेलं.

"पाणी गार आहे," नुरझान म्हणाला.

तिसऱ्या दिवशी घसरड्या दगडांवरून अबलख मांजरासारखा उतरला. संध्याकाळी तंबूत परतल्यावर नुरझाननं वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची तारीफ केली. तुर्गुनबायची बायको अनारा हिनं पिशवीच्या पिशवी त्याच्या हातात दिली.

चौथ्या दिवशी तुर्गुनबायनं भरधाव अबलखवरून वाकून जमिनीवरची टोपी उचलली. दोनदा. नुरझाननं जांभई दिली.

"टोपी पडली होती का?" त्यानं विचारलं.

पाचव्या दिवशी नुरझान निरोप घेऊन जीपमधून निघून गेला.

"सुटलास," अनारा म्हणाली. "पाच दिवस देवाचा धावा करत होतास. घोडा राहिला."

"राहिला म्हणजे? आंधळा आहे का तो?"

"आता काय झालं?"

"पाच दिवस, अनारा! एक शब्द नाही! अल्माटीत जाऊन सांगेल, तुर्गुनबायकडे बरी तट्टं आहेत!"

"मग सांगू दे की."

पण तो अबलखवर बसलाही होता. रस्ता डोंगराला वळसा घालत होता. अबलख सरळ कड्यावरून उतरला आणि जीपपुढे जाऊन उभा राहिला. त्याला साधी धापही लागली नव्हती.

"बोल!" तुर्गुनबाय गरजला.

नुरझान खाली उतरला. त्यानं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. "काका, असा घोडा मी जन्मात पाहिला नाही."

तुर्गुनबायची छाती इतकी फुगली की अंगरख्याचं बटण तुटलं. त्यानं खोगीर काढून खांद्यावर घेतलं आणि लगाम पुढे केला.

"तुझा."

"छे, छे, काका."

"तुझा म्हणतोय ना!"

"नाही हो, मला कसं जमेल?"

"आता माझा अपमान करतोस का?"

तिसऱ्या वेळी नाही म्हणायची रीत नव्हती. नुरझाननं जीपमधून म्होरकी काढली. ती अबलखला चपखल बसली.

तुर्गुनबाय ताठ मानेनं चढ चढू लागला. अकरा किलोमीटर पायी जायचं होतं, तरी त्याला खोगीर हलकं लागत होतं. झाकीपचा घोडा लांडग्यानं नेला; त्याचा स्वतःचा पाहुण्यानं तारीफ करून नेला होता. माथ्यावर पोचल्यावर त्यानं एकदाच वळून पाहिलं.

खाली वळणाआड एक लांबलचक उघडा ट्रक उभा होता. त्यात पाच खण होते, आणि नुरझान अबलखला पाचव्यात चढवत होता. तिसऱ्या खणात, कपाळावर चंद्रकोर घेऊन, लांडग्यानं खाल्लेला काळा घोडा शांतपणे गवत चघळत होता.