ओ द्यायची नाही

खाडीकाठच्या पडवीत बसून गोदा बाजारातून आणलेला स्वस्तातला एमपीथ्री प्लेअर लावू पाहत होती. सोबतचा कागद सगळा चिनी भाषेत. बटण दाबलं तर भजन लागेना, नुसता लाल दिवा लागला. तेवढ्यात बाहेरून नवऱ्याच्या आवाजात हाक आली, "गोदे..." मग पुन्हा एकदा. तिन्हीसांजेला तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, भूत दोनदाच हाक मारतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. प्लेअर तिथेच टाकून ती आत पळाली आणि दार लावून देवापुढे बसली.

सकाळी खाडीत नवऱ्याची होडी उपडी सापडली. दुपारी तो.

"तुझा काय दोष गो," सासू म्हणाली. "तिसरी हाक आलीच नाय ना."

"नाय आली."

तेरावं झाल्यावर गोदाने भजनासाठी प्लेअर चार्ज केला आणि दिसेल ते बटण दाबलं. आतून खाडीचं पाणी ऐकू आलं. मग, "गोदे..." पुन्हा, "गोदे..." मग दार लागल्याचा आवाज. आणि त्यानंतर, नाकातोंडात पाणी गेल्यासारखी, तिसरी हाक.

"ओ," गोदा म्हणाली.

रेकॉर्डिंग तिथेच संपलं होतं. प्लेअर पुन्हा पहिल्या हाकेपासून सुरू झाला. तो बंद कसा करायचा, ते तिला ठाऊक नव्हतं.