राजीखुशीने

राहतं घर विकायचा अधिकार मुलाला देणाऱ्या मुखत्यारपत्रावर द्वारकाबाईंनी अंगठा टेकवला आणि राजीखुशी तपासणाऱ्या यंत्राचा लाल दिवा लागला.

“आजी, तुमच्यावर दबाव दिसतोय,” कारकून म्हणाला.

“कसला दबाव? पोटचं पोर आहे माझं!”

“तोच तर. नव्या कायद्यात मायासुद्धा दबावच. ही गोळी घ्या, तासभर माया उतरते.”

“घे गं पटकन. मला उशीर होतोय,” मुकुंदा चिडून म्हणाला.

जन्मभर कीर्तनं ऐकून जी माया सुटली नव्हती, ती घोटभर पाण्याबरोबर सुटली. द्वारकाबाईंनी लेकाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि कागद मागे सारला.

“तासाच्या आत लिहून घ्या, साहेब. याला मुखत्यार कधीच करायचं नाही. उद्या मी रडत आले, तरी माझं ऐकू नका.”