दोन रेघा

सोनलला स्क्रीनवर दोन रेघा दिसल्या.

एक काळी, एक झगझगीत पांढरी. खाली रोलरवरून सेफ्टी बेल्टचा पट्टा सरसर पुढे चालला होता. त्याचं सूत न् सूत तपासायला वर कॅमेरा, आणि कॅमेरा सांभाळायला सोनल. राहनाळच्या या कारखान्यातला पट्टा उंचावर काम करणाऱ्यांच्या अंगावर जातो. कालचा माल शिवून सकाळीच मानकोलीला गेला होता. तिथे नव्या गोडाऊनच्या छपरावर पत्रे बसवायला तिचा धाकटा भाऊ विकी चढला होता, तोच नवा बेल्ट घालून. 'ताईच्या कंपनीचा' म्हणून फोटोसुद्धा पाठवला होता येड्याने.

काल एकच रेघ होती, काळी. सुपरवायझर हरेश म्हणाला होता, "पिक्सेल बिघडलेत कॅमेऱ्याचे. करेक्शन मार आणि माल सोड." सोनललाही ते पटलं. होतं तसं कधीकधी. कॅमेऱ्यातले सगळे पिक्सेल काही सारखं बघत नाहीत. कुणाला कमी दिसतं, कुणाला जास्त. मग खाली कोरी पांढरी टाइल ठेवायची आणि बटण दाबून सांगायचं, बाबांनो, हे सगळं एकसारखं पांढरं आहे. ज्याला काळं दिसतं, तो आपोआप उजळून दाखवायला लागतो.

पण टाइलवर दसऱ्याच्या मशीनपूजेत कुणीतरी हौसेने कुंकवाचं स्वस्तिक काढून ठेवलेलं. पुसलं तरी डाग राहिलाच, आणि देवाचं म्हणून हरेश घासू देईना. मग सोनलने चालत्या पट्ट्यावरच बटण दाबलं. पट्टाही पांढराच की! रेघ गेली. हरेशने खूश होऊन चहा पाजला.

आज पट्टा चालता चालता कॅमेऱ्याखाली बोटभर बाजूला सरकला. पांढरी रेघ जागच्या जागी राहिली आणि काळी पट्ट्याबरोबर सरकली. म्हणजे कॅमेरा चांगलाच होता. रेघ पट्ट्यात होती, आणि तिथलं काळं उजळून दाखव, असं काल आपणच कॅमेऱ्याला शिकवलं होतं.

तिने मशीन थांबवलं आणि काळ्या रेघेवर नख फिरवलं. तुटलेली सुतं भसाभस वर आली. पट्टा ज्या पत्र्याला घासून पुढे येत होता, त्याची कड उचकटून सुरीसारखी झाली होती.

"ए, बंद का केलंस?" हरेश धावत आला.

"सर, पट्टा कापला जातोय. कालचा सगळा माल असाच गेलाय. माझा भाऊ घालून वर चढलाय हो!"

हरेशने तुटलेल्या सुतांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पट्टा पुन्हा कालच्या जागी ढकलला आणि मशीन चालू केलं. काळी रेघ पांढरीवर बसली आणि स्क्रीन कोरी झाली.

"हे बघ. कुठाय रेघ? उगाच बोंबलू नकोस. बाहेर गाडी उभी आहे."

सोनल त्याच्याशी भांडत बसली नाही. तिने बाहेर पळत जाऊन फोन लावला. रिंग वाजत राहिली. उचल रे मेल्या, उचल.

"बोल ताई!" विकीच्या आवाजामागे वारा घोंघावत होता.

"विकी, आधी कशाला तरी घट्ट पकड. पाइप, काहीपण. तो बेल्ट खराब हाय!"

"काय? ऐकू न्हाय येत, लय वारा हाय इथं."

"पकड म्हणते ना! हातांनी पकड!"

"अगं, रडतेस कशाला?" तो हसला. "मस्त हाय मी. कानात हेडफोन हाय, दोन्ही हात मोकळे. तुझ्याच पट्ट्यावर मागे रेलून बोलतोय."