बदलीवाला

एस.टी.तून उतरून देवसिंग तांड्यावर गेलाच नाही. फौजेतून परतलेल्याला त्याची नोकरी परत द्यावी, असा सरकारी कागद खिशात होता. तो घेऊन तो थेट पांढरकवड्याच्या डाकघरात शिरला. फौजेत जायच्या आधी झरीकडच्या जंगलातल्या खेड्यांची डाक तो पायी वाहायचा. पण चार वर्षं जागा कोण रिकामी ठेवतो? भांडायच्या तयारीनंच त्यानं कागद टेबलावर ठेवला.

"जागा तुहीच आहे," पोस्टमास्तर सदाशिवराव म्हणाले. "पण तुह्या जागी लागलेल्या बदलीवाल्यासारखा माणूस म्या पाह्यला नाही. दोनदा म्हटलं, तुले कायम करतो. कागदावर अंगठाच देत नाही."

"काहून?"

"तूच इचार त्याले. येईलच आता."

कायमची सरकारी नोकरी नाकारणारा हा कोण येडा, म्हणून देवसिंग पायरीवर येऊन उभा राहिला. घुंगराच्या काठीचा आवाज जवळ आला. आधी त्याला ओळखू आला तो खाकी कोट. त्याचाच होता, जाताना त्यानं घरी खुंटीला टांगलेला. बाह्या तीन-तीनदा दुमडलेल्या. मग वर पाहिलं, तर आत त्याचा बा!

म्हाताऱ्यानं लेकाला डोळे भरून पाहिलं. डाकेची थैली मास्तरांपुढे ठेवली, कोट काढला आणि बाह्यांची एकेक घडी उलगडून तो देवसिंगच्या खांद्यावर घातला.

"तुही माय बाह्या कापाले बसली होती, बेटा. म्या कापू देल्ल्या नाही."