अकरा मतं

कामाच्या वेळी शिवणखात्याच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं. ते निघावं म्हणून तिथलीच एक शिलाईवाली युनियनच्या निवडणुकीत उभी राहिली, तीही सख्ख्या दिराविरुद्ध, आणि सपाटून आपटली. त्याला आठशेच्या वर मतं पडली, तिला अकरा.

निकाल लागताच दीर सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, इंग्रजीत याला 'वाइप द फ्लोअर' म्हणतात. म्हणजे समोरच्याला असं लोळवायचं, की फरशीसुद्धा त्याच्यानेच पुसून निघावी! आता गुमान घरी बसा."

"भाऊजी, नक्की अकरा ना?"

"दोनदा मोजलीत!"

"म्हणजे आणखी दहाजणी आहेत," ती मशीनकडे वळत म्हणाली. "मला वाटत होतं, मी एकटीच आहे."