खालून येणारा ठोका

हाजिमेने नव्या झांजेचा दांडा लोखंडी चौकटीत बसवला, पान्याने आवळला आणि लांबून बघायला म्हणून मागे सरकला. खोली एवढीशी. मागे सरकला तो कपाटाला जाऊन टेकला.

"आता इथे मी कपडे कुठे वाळत घालू?" सुमिएने विचारलं.

"झांजेवर घाल. दांडा मजबूत आहे."

जुन्या इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या घरी आज पाहुणे आले होते. दोन रबरी पॅड आणि एक झांज, तीही रबराचीच. तारा आवाज काढणाऱ्या डब्यात खोचायच्या, हेडफोन लावायचे, की त्याच्या कानात वादळ. बाहेरच्यांना नुसतं टप-टप, कुणी फळीवर कांद्याची पात चिरावी तसं. लग्नाला इतकी वर्षं झाली, सुमिएने नवऱ्याची कला ऐकली ती एवढीच.

त्रास व्हायचा तो पायाच्या पेडलच्या ठोक्याचा. तो जमिनीतून थेट खाली, ओकुनो-सानच्या छतात उतरायचा. ओकुनो-सान म्हातारे, एकटे. ते झाडूच्या दांड्याने छतावर तीन ठोके द्यायचे, की हाजिमे थांबायचा. पुढे जिन्यात गाठ पडली की दोघं एकमेकांपुढे वाकून माफी मागायचे, हा पायाची, ते दांड्याची.

मग या हिवाळ्यात एका दुपारी खालचे ठोके थांबेचनात. हाजिमेने ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्याने दोन जाड फळ्या आणल्या, त्यांच्यामध्ये टेनिसचे चेंडू बसवले आणि सगळा ड्रम त्यावर चढवला. तेव्हापासून खालून चकार शब्द नाही. आधी तो भीत भीत वाजवायचा, मग पोटभर वाजवायला लागला, आणि आज बसडेपोतल्या कामावरून येताना दुकानातून खोकी घेऊनच आला.

"चेंडूंनी म्हाताऱ्याला गप्प केलं बघ," तो म्हणाला.

सुमिए म्हणाली की सामान वाढलंय, तर आधी खाली सांगून यायला हवं. आवाज होण्याआधीच काहीतरी गोडधोड देऊन माफी मागून ठेवायची, ही त्यांच्या इमारतीची रीत. तिने तांदळाच्या बिस्किटांचा डबा पिशवीत घातला आणि जिना उतरली.

ओकुनो-सानच्या दाराच्या मुठीला एक पिशवी लटकत होती.

तिचीच होती. ठोके थांबेनात त्याच दिवशी, संध्याकाळी, तिने त्यात संत्री घालून अडकवली होती. बेल वाजवली तर चिडलेल्या माणसाला आणखी त्रास, म्हणून दबक्या पावलांनी परत फिरली होती. संत्र्यांवर आता हिरवट बुरशी धरली होती. शेजारी न्हाणीघराच्या खिडकीत भर दुपारी दिवा जळत होता.

तिने बेल वाजवली. मग दार वाजवलं, आधी बोटाने, मग मुठीने. मग ती नुसतीच उभी राहिली, मान वर करून. वरती हाजिमे एव्हाना नव्या पॅडवर तुटून पडला असणार. खाली काहीच ऐकू येत नव्हतं. चेंडूंचं काम चोख होतं.

संत्र्यांची पिशवी मुठीवरून काढून ती तळमजल्यावर उतरली. तिथे राखणदार तेराउची होता. तिच्या हातातल्या पिशवीत त्याने एकदा डोकावलं आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला. कोपऱ्यावरच्या चौकीतल्या शिपायाला घेऊनच दार उघडतो, म्हणाला. तुम्ही वर जा.

हाजिमे डोळे मिटून वाजवत होता. सुमिएने त्याच्या एका कानावरचा हेडफोन उचलला.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं. "खूश असतील हल्ली आपल्यावर."

"त्या दिवशी ओकुनो-सान कसं वाजवत होते हो?"

"कुठल्या दिवशी?"

"तुम्ही थांबलात तरी ते थांबेनात. छतावर नव्हतं ते. न्हाणीघरातल्या पाण्याच्या पाइपवर."

त्याला आठवलं. त्या दिवशी दोघं जागच्या जागी बसून राहिले होते. चहाचे पेलेसुद्धा हातातच धरून ठेवले होते, खाली ठेवताना वाजतील म्हणून. म्हातारा आज भलताच पेटलाय, असं तो कुजबुजला होता, आणि सुमिए तोंडावर हात धरून हसली होती.

हाजिमेने आता ओकुनो-सानसारखे ओठ पुढे काढले आणि नव्या पॅडवर काठीने वाजवून दाखवलं. एक. मग दोन, घाईघाईने. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक, हलकासा. ड्रमवाल्याचा हात, त्याला ठोकाही आठवत होता आणि दोन ठोक्यांमधली जागाही. ती जागा लांबत चालली. त्याचे ओठ कधी जागेवर आले ते त्यालाही कळलं नाही. हात मात्र पुढे वाजवत राहिला, संपेपर्यंत. शेवटचा ठोका इतका हलका पडला की नव्याकोऱ्या पॅडलाही तो कळला नाही. प्रत्येक ठोक्याला लागणारा डब्यावरचा दिवा लागला नाही.

मग त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. एका हातात बिस्किटांची पिशवी, दुसऱ्या हातात संत्र्यांची.

जिन्यात बुटांचे आवाज आले आणि खालच्या मजल्याशी थांबले. किल्ल्या वाजल्या.

हाजिमेने काठ्या जमिनीवर ठेवल्या. अगदी अलगद ठेवल्या, खाली आवाज जाऊ नये म्हणून.